मेडिकलवाल्याने जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर: आठ महिन्यांनंतरचा हिशोब

माझं चिपळूणच्या बाजारपेठेत मेडिकल आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा औषधांबरोबर दोन कॉम्प्युटरही गेले. बिलिंगचा पंधरा दिवसांत नवा आणला, त्यावाचून शटर उघडण्यात अर्थ नव्हता. दुसरा मागच्या खोलीत असायचा, रात्री हिशोब मिटवल्यावर त्यावर मी तासभर गाड्या पळवायचो. तो राहिला तो चार वर्षं राहिलाच. गेल्या जुलैत अखेर घेतला. तयार नाही, एकेक पार्ट निवडून आणि स्वतः जोडून. वय ४१, पहिलीच वेळ. आता आठ महिने वापरून झालेत, म्हणून कुठल्या पार्टाने पैसे वसूल केले आणि मी कुठे चुकलो ते लिहितो.

बजेट ८० हजार. सल्लागार एकच, पुण्यातला भाचा, तोही फोनवर. मी कार्डाबद्दल, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाबद्दल, विचारायला सुरुवात केली तर म्हणाला, "मामा, कार्ड नंतर. तू आधी मॉनिटर ठरव." तेव्हा मला हे उलटं वाटलं. पण २४ इंची १०८०च्या (म्हणजे ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळींच्या) मॉनिटरला जेवढं कार्ड पुरतं, तेवढ्याला २७ इंची १४४०वर धाप लागते, कारण एका चित्रात पावणेदोन पट ठिपके रंगवायचे असतात. चाळिशी लागलेली असल्याने मी मोठा मॉनिटर घेतला. २७ इंच, १४४०, १८० हर्ट्झ (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा), साडेसोळा हजार. हे ८० हजारांत धरलेले नव्हते, ही घरी सांगायची गोष्ट नव्हे.

रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड. पूर्वेला बाहेर पडलं की लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटरच्या पार्टांचा बाजार. मी सकाळी आठलाच पोचलो आणि दुकानं उघडेपर्यंत तीन चहा झाले.

पहिल्या दुकानात बजेट सांगितलं आणि दोन मिनिटांत त्यांनी पॅडवर यादी खरडली: इंटेल कोअर आय५ १२४००एफ, एच६१० बोर्ड (मदरबोर्ड), १६ जीबीची एकच रॅम, आरटीएक्स ५०६० कार्ड, २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, सहा रंगीत पंख्यांचं कॅबिनेट आणि ८०० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा). एकूण ७२ हजार, "सगळे हेच नेतात." कच्चं बिल चालत असेल तर आणखी कमी.

यादी टाकाऊ नव्हती. १२४००एफ आजही चांगला प्रोसेसर आहे. पण त्याला लिक्विड कूलर म्हणजे साध्या सर्दीला सलाइन. त्यात हा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, इंटेलच्या चौदाव्या पिढीवर संपलेला, म्हणजे पुढे प्रोसेसर बदलायचा तर बोर्डही बदला. आणि तो एसएमपीएस मी हातात घेऊन पाहिला. माझा धंदाच लेबल वाचण्याचा. पुढे मोठ्या अक्षरात ८००, आणि बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात २८ अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. १२ गुणिले २८, झाले ३३६ वॅट. उरलेले चारशेच्या वर वॅट कुठल्या रकान्यात आहेत विचारल्यावर माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी जेनेरिक औषधांच्या बाजूचा माणूस आहे. आत औषध तेच असेल तर नावाचे पैसे का द्यायचे, हे दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकांना सांगतो. एसएमपीएसमध्ये ते चालत नाही, कारण आत तेच नसतं. शेवटी ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा घेतला. १२ व्होल्टवर ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट. आकडा जुळतो. ५,२०० रुपये, पाच वर्षांची वॉरंटी. ८० प्लस हा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो. लाइट खालीवर झाल्यावर तो काय करेल हे नाही. म्हणून ओव्हर-व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण खोक्यावर छापलंय का, तेही पाहिलं. आठ महिन्यांत या पार्टाची मला आठवणही झालेली नाही, यापेक्षा जास्त स्तुती मला करता येत नाही.

खरेदी दुसऱ्या दुकानातून केली. पक्कं बिल, प्रत्येक पार्टाचा सिरियल नंबर बिलावर, जसा आमच्याकडे बॅच नंबर असतो. वॉरंटीचं भांडण पुढे याच नंबरावर चालतं. तिथला मुलगा पंचविशीचा असेल. मी कागद पुढे केला तर त्याने वाचून एकच प्रश्न विचारला, "दादा, कार्ड आठचं की सोळाचं?"

या प्रश्नासाठी त्याला मनापासून धन्यवाद, कारण माझ्या कागदावर फक्त "आरएक्स ९०६० एक्सटी" लिहिलेलं होतं. जून २०२५ला आलेलं हे कार्ड दोन मेमरींत मिळतं, ८ जीबी आणि १६ जीबी. चिप तीच, खोकं जवळपास तेच, कोपऱ्यात एक आकडा वेगळा. आमच्याकडे २५० आणि ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या पट्ट्या अशाच दिसतात आणि घोळही असाच होतो. फरक सहा हजारांचा. फोन लावला, भाचा म्हणाला, "मामा, १४४०चा मॉनिटर घेतोयस ना? मग सहा हजार इथेच घाल, वाटलं तर कॅबिनेट साधं घे."

कारण सोपं आहे. मेमरी भरली नाही तोवर दोन्ही कार्डं सारखीच पळतात. भरली की उरलेला माल कार्डाला कॉम्प्युटरच्या रॅममधून ओढावा लागतो, तो रस्ता त्यामानाने अरुंद, आणि चित्र पळता पळता झटके खातं. सेकंदाला सरासरी किती चित्रं (फ्रेम) येतात तो आकडा तरीही बरा दिसू शकतो, म्हणून नुसती सरासरी बघू नये. माझ्याकडे सायबरपंक २०७७ या गेममध्ये रे ट्रेसिंग (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं सेटिंग) चालू केलं की वापर ८ जीबीच्या पुढे जातो, कधी १०ला टेकतो. आठवालं घेतलं असतं तर ते सेटिंग मला कायमचं बंद ठेवावं लागलं असतं. ३७ हजार दिले. संपूर्ण यादीतला सर्वांत महाग पार्ट आणि एकदाही पश्चात्ताप नाही. फक्त १०८०वर व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळणाऱ्याने मात्र एवढे घालू नयेत. त्याला आठही पुष्कळ होतात.

प्रोसेसर रायझन ५ ७६००, सहा कोअर, १७,२००. त्याच्याआधीच्या एएम४ सॉकेटवरच्या ५६०० ने पैसे वाचले असते, आणि नुसतं गेमिंग पाहिलं तर १४४०वर फरक फारसा जाणवलाही नसता, कारण तिथे बहुतेक वेळा कार्डच आधी दमतं. पण एएम५ सॉकेट २०२७पर्यंत आणि पुढेही चालवू असं एएमडीने जाहीर केलंय, तेव्हा तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येईल. शिवाय ७६०० मध्ये लहानसं ग्राफिक्स आहे. उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तरी पडदा काळा राहणार नाही. दुकानदाराला ही गोष्ट पटते, बंद पडून चालत नाही. बोर्ड बी६५०चा, साडेअकरा हजारांचा, वायफायशिवाय. हा माझा कंजूषपणा महागात पडला. नंतर भिंतीवरून केबल ओढताना सुताराचे आणि रंगाऱ्याचे पैसे गेले.

रॅम ३२ जीबी, १६च्या दोन काड्या, डीडीआर५ ६०००. एसएसडी १ टीबी, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, चालते. कॅबिनेट चार हजारांचं, पुढे बारीक जाळीचं. कोकणात जाळीचा खरा फायदा वारा नव्हे, पाल. मागच्या कॉम्प्युटरमध्ये अंडी निघाली होती. जोडताना मागच्या मोकळ्या पट्ट्या काढून ठेवू नका, एवढंच.

बेरीज ८९,३००, वर मॉनिटर. परतीच्या तुतारीत कॅबिनेट दोन पायांत, मॉनिटर खिडकीशी, प्रोसेसर शर्टाच्या आतल्या खिशात. बाहेर जुलैचा पाऊस आणि सगळ्याला दुहेरी प्लास्टिक.

जोडणी रविवारी, जेवणाच्या टेबलावर, सहा तास. घाबरण्याची जागा एकच, सॉकेटचा दांडा. पिना आता प्रोसेसरवर नसून बोर्डात असतात आणि दांडा दाबताना एवढा जोर लागतो की काहीतरी मोडतंय असंच वाटतं. काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडतं, ते आधी काढायचं नाही. खोक्यातल्या कूलरसाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन कंस स्क्रू काढून बाजूला करावे लागतात, हे मला तासाभराने कळलं. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. बायको शांतपणे म्हणाली, "नव्वद हजारांचा पंखा छान आहे." मी बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा काळा. भाच्याने फोनवर ओरडून सांगितलं की हात लावू नकोस, डीडीआर५ पहिल्यांदा स्वतःची जुळणी करते, त्याला काही मिनिटं लागतात आणि तू दर वेळी ती मोडतोयस. हात मागे बांधून उभा राहिलो. चित्र आलं.

मग दोन गोष्टी आठवडाभर राहून गेल्या. ६०००ची रॅम मुळात ४८००वर चालते, बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) एक्स्पो नावाचं बटण चालू करावं लागतं. आणि १८० हर्ट्झचा मॉनिटर विंडोजने ६०वर ठेवला होता. पैसे पुऱ्या गोळीचे दिले आणि घेत होतो अर्धी.

खरा घोळ मात्र घरचा निघाला. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. आधी एसएमपीएसवर संशय घेतला. वायरमन आला, त्याने टेस्टर लावला आणि हसला: घराचं अर्थिंगच गेलेलं. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे कॅपॅसिटर असतात, ते थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर बसून राहतो. आमच्या जांभ्यात पावसाळा सरला की ओल टिकत नाही, म्हणून नवा खड्डा खोल घेतला, कोळसा-मीठ भरलं, आणि आता उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. साडेतीन हजार. कुठल्याही यादीत हा पार्ट नसतो.

दुसरं, इन्व्हर्टर. लाइट गेली की ट्यूब डोळा मिचकावून चालू राहायची आणि कॉम्प्युटर बसायचा. एसएमपीएस स्वतःच्या दमावर सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग तग धरतो, घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर त्याहून हळू पलटतो. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचं बटण यूपीएस मोडवर (लवकर पलटणाऱ्या) केलं आणि प्रश्न सुटला. आमचा प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखीच गुळगुळीत वीज देणारा आहे. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर एवढी किमती वस्तू मी चालवली नसती.

ऑक्टोबरात वरच्या पत्र्याच्या खोलीत प्रोसेसर ९० अंशांच्या घरात जाऊ लागला आणि पंखा मिक्सरसारखा. दोष कूलरचा नाही, माझ्या खोलीचा. ३५ अंशांच्या हवेने तो तरी काय थंड करणार? दोन हजारांचा उभा टॉवर कूलर बसवला. आता खेळताना सत्तरच्या आत राहतो आणि खाली आईला टीव्ही ऐकू येतो.

गाड्यांचा गेम फोर्झा होरायझन ५ सगळी सेटिंग वर ठेवून सेकंदाला शंभर फ्रेमच्या पुढे, सायबरपंक रे ट्रेसिंगशिवाय सत्तरच्या आसपास. मला एवढं पुरे आहे. तसाही बाराला डोळे मिटतात.

शेजारच्या स्टेशनरीवाल्या मित्राला हुबेहूब हाच कॉम्प्युटर हवाय. डिसेंबरात यादी दिली तेव्हा मी ८,८०० ला घेतलेली रॅम दुपटीच्याही वर गेलेली होती. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केल्यापासून हे चाललंय. त्याला म्हटलं, आठच्या दोन काड्या घे, १६ जीबीवर गेम चालतात, फक्त एक काडी घेऊ नकोस, दोन असल्या की प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माल मिळतो. नाही म्हणाला, घेईन तर ३२च. थांबलाय. त्याच्याकडेही मी हात लावून पाहिला, फ्रीजला झिणझिण्या आहेत. वायरमनचा नंबर देऊन ठेवलाय.