पुष्पचक्राचा भाव: ठरलेला की रोजचा?

भाचीने फुलांचं दुकान काढलंय. अंत्यविधीच्या हार-पुष्पचक्रांना ठरलेला भाव लावावा की रोजच्या बाजाराप्रमाणे घ्यावा, या पेचात ती आहे.

रोजच्या भावात तोटा टळतो. दसऱ्याला झेंडू, लग्नसराईत निशिगंध कडाडला की ते पटतं. पण दररोज हिशोब नव्याने मांडायचा. शिवाय ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, त्यांना बाजार का चढलाय हे समजावत बसायचं? मला ते बघवत नाही.

ठरलेला भाव एका वाक्यात सांगून होतो. मात्र तो फुलांच्या भावाची वर्षाची सरासरी, चक्राचा सांगाडा आणि मजुरी धरूनच काढावा. निशिगंध महागला, तर शेवंती नि पानं वाढवावीत.

म्हणून माझं मत: गेलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी हार, साधं चक्र ठरलेल्या भावात. संस्थांच्या मोठ्या, आधी सांगितलेल्या ऑर्डरी रोजच्या भावाने.