८ ओहम लिहिलेले दोन बॉक्स, मॅग्नेटची टोपी आणि माझे ७३,८०० रुपये

मी नवशिका नाही, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं बेस गिटार वाजवतोय. गणपती, नवरात्र, कोजागरी, गावोगावच्या जत्रा. साताऱ्यातली नवी पोरं अजून फोन करून विचारतात, "काका, दहा इंची स्पीकर घेऊ का पंधरा?" आणि मी त्यांना अर्धा अर्धा तास शिकवतो. म्हणूनच जुने बेस स्पीकर घेताना मी कसा फसलो हे लिहायला दीड महिना लागला. घरात माहीत आहे, बँडमध्ये माहीत आहे, चौकीत तर पाठच झालंय. आता तुम्हीही हसून घ्या, पण वाचा.

जुन्या वस्तू विकायच्या अॅपवरची जाहिरात होती. ती कशी असते ते सांगायला नको. "बाहेरदेशी शिफ्ट होतोय, जड मनाने विकतोय," स्वच्छ फोटो, कोपऱ्यात गिटारचा स्टँड. बेसचे दोन बॉक्स, नावाजलेल्या अमेरिकन कंपनीचे. एक फोर-टेन, म्हणजे दहा इंचाचे चार स्पीकर, आणि दुसरा सिंगल पंधरा. दोन्ही ८ ओहम (हा स्पीकरचा विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका अँप्लिफायरवर ताण जास्त). मागणी ६८,००० रुपये.

मला गरज होती, हौस नव्हती. माझा जुना बारा इंची कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात) हॉलमध्ये ठीक, पण उघड्या मैदानात बेस दहा फुटांवर विरघळून जातो. नवीन जोडी घ्यायची तर लाखाच्या वर. घासाघीस करून मी ५७,५०० ला आणलं आणि १०,५०० वाचवले म्हणून दोन दिवस मिशीला पीळ देत होतो. ५,००० अॅडव्हान्स यूपीआयने. उरलेले माल बघून, कारण मी हुशार ना.

भाच्याला घेऊन पुण्याला गेलो. हडपसरच्या पुढं एक गोडाऊनवजा खोली. माणूस तिशीतला, गोड बोलणारा. चहा आला, क्रीमरोल आला. "सर, तुम्ही तर जाणकार आहात, तुम्हाला काय सांगायचं!" हे वाक्य लक्षात ठेवा. असं कोणी म्हणालं की चहाचा कप तिथंच ठेवून उठा.

मग त्याने ते घिसंपिटं सुरू केलं. "दहा इंची पंच देतं सर, पंधरा इंची खोली देतं. दोन्ही मिळून बेस पूर्ण." अहो, हेच खोटं आहे म्हणून मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलोय! एका पंधरा इंची पेपरचं, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं, क्षेत्रफळ साधारण साडेआठशे चौरस सेंटीमीटर. दहा इंचीचं साडेतीनशेच्या आसपास, पण चार मिळून चौदाशे. मग हवा जास्त कोण ढकलतं? शिवाय आवाज किती खाली उतरतो ते नुसत्या इंचावर ठरत नाही. खोक्याचा आतला लिटर, पोर्ट (हवेचं भोक) कितीला ट्यून केलाय, पेपर पुढेमागे किती हलतो, या सगळ्यावर ठरतं. फेंडरने १९५२ मध्ये बेसमन नावाचा अँप काढला तो एका पंधरा इंचीचा, आणि दोन-तीन वर्षांत तेही चार दहांवर आले. १९६९ मध्ये अँपेगने आठ दहा इंचींचा बंद बॉक्स काढला, बेसवाले आजही त्याला फ्रिज म्हणतात. हे सगळं मला पाठ आहे. आणि मी त्या खोलीत बसून, क्रीमरोल चावत, मान डोलावली. कारण मला ती जोडी हवी होती. मोठी दिसते. स्टेजवर माझ्या मागं उभी राहिली असती.

आता तो क्षण. दीड महिना रोज रात्री तोच येतो.

फोर-टेन बघायला मी बॉक्स वाकवला, तर तो हलका लागला. म्हणून उचलला. एकट्याने. फेराइट, म्हणजे नेहमीच्या जड मॅग्नेटचा तसा बॉक्स चाळीस किलोच्या आसपास भरतो, दोघं लागतात, तरी पाठ धरते. मी पन्नाशीला आलेला माणूस, मणक्याचा त्रास असलेला, आणि तो मी पोत्यासारखा उचलून पलीकडं ठेवला. तिथंच थांबायला हवं होतं. पण माझं डोकं काय म्हणालं? "निओडिमियम असेल!" ती मॅग्नेट हलकी असतात. त्या माणसाने नाही म्हटलं, मी म्हटलं. मोठ्याने. "निओ आहेत वाटतं?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ओळखलंत सर तुम्ही." म्हणजे थाप त्याला सुचलीच नव्हती, ती मी त्याला आयती तयार करून दिली. एखाद्या अडाण्याने सरळ विचारलं असतं, एवढा हलका कसा? मला विचारायची गरज पडली नाही, कारण मला उत्तर येत होतं.

भाचा म्हणाला, "काका, मागचं पॅनेल उघडून बघू या का?" स्क्रू नवे कोरे चमकत होते, बाकी बॉक्स दहा वर्षं जुना. तो माणूस म्हणाला, "उघडलं की सील जातं सर, हवा लीक होते." निव्वळ भंपक. गॅस्केट नीट बसवलं की काहीही लीक होत नाही. मी भाच्यालाच गप्प केलं. "तुला कळत नाही त्यातलं," असं म्हणालो. चारचौघांत. त्याची माफी मागून झाली आहे.

आणि बॅगेत मल्टिमीटर होता. ३५० रुपयांचा, मी स्वतः नेलेला. ८ ओहमचा बॉक्स मीटरवर साधारण सहा दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. जॅकला दोन टोकं लावायची, दहा सेकंदांचं काम. काढला नाही. का? तर समोरच्याला वाईट वाटेल. त्याच्या खोलीत, त्याचा चहा पिऊन, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? लाज मला वाटली, त्याला नाही!

ऐकून घेतलं तेही असंच. बॉक्स खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेले. जमीन आणि दोन भिंती मिळाल्या की खेळण्यातला स्पीकरही घुमतो. त्याने फोनवरून एक डिस्को गाणं लावलं. मी बेस लावला तोही हळू आवाजात, वरच्या तारांवर, बोटं दाखवत. खुली ई तार, चार तारांत सगळ्यात खालच्या सुराची, ४१ हर्ट्झची, जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती जोरात धरून ऐकलीच नाही. जुना बॉक्स घेताना आधी ई धरा. मग आवाज वाढवत न्या, पाच मिनिटं तरी. पाच तारांचा बेस असेल तर खालचा बी, ३१ हर्ट्झ.

२२,५०० यूपीआयने दिले, ३०,००० रोख. "रोख दिलेत तर बरं होईल सर, व्हिसाची धावपळ आहे." टेम्पो ४,२००, खेड शिवापूर आणि आनेवाडीचा टोल धरून. खंबाटकी घाटात मी टेम्पोमागं गाडी हळू चालवत होतो, बॉक्सला धक्का बसू नये म्हणून.

कोजागरीचा कार्यक्रम. तिसऱ्या गाण्याला हेड, म्हणजे बॉक्स चालवणारा अँप्लिफायर, बंद. लाल दिवा. पुन्हा सुरू केलं, अर्धा अंतरा वाजला, पुन्हा बंद, आणि मग जळका वास. कीबोर्डवाल्या पोराने डाव्या हाताने बेस धरला आणि पुढची अकरा गाणी तशीच झाली. प्रेक्षकांत कोणालाही फरक कळला नाही. हे दुःख पैशांपेक्षा मोठं आहे, पण ते जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी स्पीकरचे पेपर-कॉइल बसवणाऱ्या मामांकडं नेलं. उघडायचे ५००. फोर-टेनमध्ये ट्रॉली स्पीकरमधून काढलेले चार दहा इंची निघाले, ४ ओहमचे. मागं भलंमोठं मॅग्नेट. मामांनी त्याला स्क्रू ड्रायव्हर लावला, तो चिकटला नाही, खाली पडला. "सर, हे मॅग्नेट नाहीये, टोपी आहे." काळी प्लास्टिकची वाटी, आत लाडवाएवढं खरं मॅग्नेट. मग नऊ व्होल्टचा सेल क्षणभर वायरीला टेकवला. तीन पेपर पुढं आले, एक मागं गेला. म्हणजे एकाची वायर उलटी, तो बाकीच्यांपैकी एकाचं काम पुसतोय. चारपैकी उरले दोन.

पंधरा इंचीत गाडीच्या डिकीत लावायचा सबवूफर. तोही ४ ओहम. बंद गाडीत तो काचा हलवतो, पण मैदानात तेवढाच आवाज काढायला त्याला स्टेजच्या स्पीकरच्या आठ-दहा पट ताकद पाजावी लागते. फोर-टेनही दोन-दोनच्या जोडणीने एकूण ४ चाच, आणि ४ नि ४ समांतर जोडले की २. माझ्या हेडवर मागं स्पष्ट छापलंय, किमान ४ ओहम. मी मात्र बॉक्सवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवून ८ नि ८ चे ४ मोजत होतो. हेडची दुरुस्ती ९,८००. त्या रात्रीचं मानधन १,८००, ते मी घेतलं नाही. बेरीज करा: ७३,८००. एसटीचं भाडं धरलेलं नाही.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, यात डबल दाराचा फ्रिज आला असता." तिला अँपेगचं सांगायची हिंमत झाली नाही.

फोन अर्थातच बंद. खोलीवर गेलो तर कुलूप, शेजारी म्हणाला दहा दिवसांसाठी घेतली होती.

मग चौकी. आमच्या इथले हवालदारसाहेब सगळं ऐकून म्हणाले, "स्पीकर वाजतोय ना?" म्हटलं, वाजतोय, पण... ते म्हणाले, "वाजतोय तर फसवणूक कसली? तुम्ही बघितला, वाजवला, स्वतःच्या हाताने उचलून नेला." हे मात्र त्यांनी अचूक पकडलं. पुढं म्हणाले, व्यवहार पुण्यात झाला, तिकडं जा. पुण्यात गेलो तर, राहता कुठं? पैसे कुठल्या बँकेतून गेले? मग साताऱ्यात द्या. मी म्हटलं, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, हद्द कोणाचीही असो, तक्रार घ्यावी लागते, कलम १७३. ते म्हणाले, "वकील आहात का?" नाही, बेस वाजवतो. "काय वाजवता?" बेस गिटार. मग त्यांना गिटार म्हणजे काय आणि बेस म्हणजे काय हे समजावण्यात वीस मिनिटं गेली, आणि साहेब बंदोबस्ताला निघून गेले. चार खेपा झाल्या. ओहम म्हणजे काय हे मी एकूण सहा गणवेशांना समजावलं. एकाने विचारलं, "दोन बॉक्स आहेत ना तुमच्याकडं अजून? मग विकून टाका की." म्हणजे मीही तेच करायचं! शेवटी साध्या कागदावर अर्ज लिहिला आणि पोच मागितली, तर पोचेचा शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर. शिक्का तिसऱ्या दिवशी मिळाला. अर्ज "चौकशीवर" आहे. ग्राहक आयोगाचं विचारायला गेलो, तर पहिला प्रश्न, बिल? दुसरा, तो दुकानदार आहे का? दोन्हीला नाही.

रोख देऊ नका. ३०,००० ची माझ्याकडं चिठ्ठीसुद्धा नाही. ऑनलाइन पैसे गेले आणि माणूस गायब झाला तर त्याच तासाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी नऊ दिवसांनी जागा झालो. स्क्रू ड्रायव्हर, सेल, मीटर, तिन्ही खिशात मावतात. वजनकाटा न्या, हसू देत. विकणारा उघडू देत नसेल तर तो बॉक्स नाही, खोकं आहे. आणि हेडच्या मागं लिहिलेला ओहमचा आकडा स्टिकरशी नाही, मीटरशी जुळवायचा.

मामांनी ते पाच स्पीकर ३,२०० ला घेतले, माझी दया येऊन. रिकामी खोकी चांगली आहेत, प्लायवूड अठरा एमएमचं. एकावर सध्या घरात इस्त्रीचे कपडे ठेवतात.

परवा भाच्याने अॅपवरची नवी जाहिरात दाखवली. दुसरं नाव, दुसरा नंबर, "बदली झाल्यामुळे विकणे आहे," ६४,०००. फोटोत तोच गिटारचा स्टँड. मी भाच्याच्या फोनवरून विचारलं, मागचं पॅनेल उघडून दाखवाल का? उत्तर आलं, "उघडलं की सील जातं सर." मग मी लिहिलं, वजन किती आहे? तिकडून लगेच आलं, "हलका आहे सर, निओ आहे."