ठासणीची बंदूक, सेकंडहँड: वर्षभर वापरल्यानंतर

विधानसभेची आचारसंहिता उठली, पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळाली आणि निप्पल (ठिणगीची टोपी जिच्यावर बसते ती नळीच्या मागची पोकळ खुंटी) जाम. पाना लावला तरी हलेना. देताना नळी धुऊन, सुकवून, आतून-बाहेरून तेल लावून दिली होती. परत आली तेव्हा दस्त्यावर कुणाच्या तरी चहाच्या ग्लासाचा गोल डाग आणि घोड्याखाली तांबूस भुकटी. वर पावतीवर ‘सुस्थितीत मिळाली’ अशी माझीच सही. भांडलो. ‘साहेब, लोखंड आहे, गंजणारच,’ एवढंच उत्तर मिळालं. त्याच रागात लिहायला बसलोय, तेव्हा सूर चढा लागला तर चालवून घ्या.

२०२४ मध्ये ती दोनदा जमा करावी लागली. लोकसभेच्या वेळचं काही वाटलं नाही, उन्हाळ्यात शेत रिकामंच असतं. पण विधानसभेची आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला आणि मतदान २० नोव्हेंबरला. आमच्या मुरबाडच्या शेतावर भात नेमका तेव्हा तयार होतो आणि रानडुकरंही तेव्हाच उतरतात. म्हणजे वर्षात जो महिनाभर बंदूक खरी लागते, तेवढाच काळ ती पोलीस ठाण्याच्या कपाटात. पीकसंरक्षणाचा परवाना असेल तर छाननी समितीकडे सूट मागता येते, अर्ज जरूर करा. माझा ‘वर पाठवलाय’च्या पुढे सरकला नाही.

आता बंदुकीकडे. एकनळी, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासून भरायची, टोपीवर चालणारी: निप्पलवरच्या छोट्या धातूच्या टोपीवर घोडा आपटला की ठिणगी पडून बार उडतो. भेटेल तो हिला रायफल म्हणतो. रायफल म्हणायला नळीत पीळ द्यावे लागतात, हिची नळी आतून गुळगुळीत आहे. परवाना माझ्याकडे आधीपासूनच होता. विकणारे शहापूरकडचे काका, मुलं बाहेरगावी, शेती दुसऱ्याला करायला दिलेली. ते तर ‘चल, आजच घेऊन जा’ म्हणत होते. तसं चालत नाही. खासगी विक्रीत विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. थांबलो. भाव इतका कमी होता की त्यात बरा मोबाइलही आला नसता, म्हणून थांबणं जड गेलं नाही.

काका छातीठोकपणे सांगत होते, ‘रिकामी आहे, कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही.’ मुंबईतल्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने नळी, दस्ता, घोडा काहीच बघितलं नाही. गज नळीत सोडला, तोंडाशी अंगठ्याच्या नखाने खूण धरली, तसाच बाहेर काढून नळीच्या बाजूला लावला. निप्पलपर्यंत पोचायला चार बोटं कमी. आत बार ठासलेला! मग नळीत पाणी ओतून, दारू पुरती भिजू देऊन, गजाच्या टोकाला स्क्रू लावून त्याने एकेक काढलं: आधी चिंधीचा बोळा, मग छर्रे, मग आणखी एक बोळा आणि शेवटी काळा चिखल. जुनी ठासणीची घ्यायला जाल तर आधी हा गज. नक्षी नंतर बघा.

दस्त्याच्या मानेला तडा होता, वर तांब्याची तार गुंडाळलेली. तो चिकटवून वर जवसाचं तेल चोळलं, आता झकास दिसतो. चापाची स्प्रिंग ठीक. नळीवरचा नंबर रंगाखाली दडला होता, तो परवान्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे, म्हणून तिथे पॉलिशपेपर फिरवू दिला नाही.

राहता राहिलं निप्पल. मटाराएवढा तुकडा, पण सगळी बंदूक त्याच्या मर्जीवर. जुन्या निप्पलचं भोक झिजून मोठं झालं होतं. असं झालं की बार उडताना गॅस उलटा येतो, घोडा मागे उचलला जातो आणि टोपीचे तुकडे उडतात. चष्मा नसता तर काय झालं असतं कोण जाणे. नवीन निप्पल बसवलं, तर त्याचा शेंडा किंचित जाड. टोपी पूर्ण खाली जाईना. पहिल्यांदा घोडा पडला की टोपी नुसती खाली बसते, फुटते दुसऱ्यांदा. आणि पहिल्यांदा ‘टक्’ झाल्यावर लगेच हात लावायचा नसतो, बार उशिराही उडू शकतो. नळी मोकळ्या दिशेला धरून उभं राहायचं आणि समोर डुकरांनी ओंब्या खायच्या. शेंडा घासून घेतला तर टोपी सैल, नळी खाली केली की गळून पडायची. दुसऱ्या ठिकाणाहून दुसऱ्या मापाच्या टोप्या आणल्या, त्या एकदाच्या बसल्या. निप्पल, टोप्या आणि फेऱ्या मिळून जो खर्च झाला तो बंदुकीच्या किमतीच्या जवळ गेला. ऑक्टोबरात मुलुंडचा टोल माफ झाला, पण माझ्या बहुतेक फेऱ्या त्याआधीच झाल्या होत्या. आता जाम निप्पलपायी पुन्हा जाईन तेव्हा तेवढे तरी वाचतील.

सुरुवातीला या बंदुकीवर जाम खूश होतो. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, मला मारायचं नव्हतंच. नुसत्या दारूचा आवाजाचा बार काढायचा, काडतुसाचा खर्च नाही. काळ्या दारूचा आवाज सुतळी बॉम्बसारखा कडक नसतो, जड आणि घुमणारा असतो, सगळी खाचरं हादरतात. पहिले काही दिवस कळप नाल्यापलीकडे पळायचा. मग बांधापर्यंतच पळायला लागला. नंतर तर नुसती मान वर करून बघायचे आणि पुन्हा खाली. त्यामुळे आधी ज्यांना ज्यांना ‘डोळे मिटून घ्या’ म्हणालो होतो, त्यांना आता सांगतो: सोबत झटका मशीनही (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) लावा, एकट्या आवाजावर भिस्त ठेवू नका.

आणि धुणं. हे कुणीच सांगत नाही. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग वायू न होता क्षार नि काजळी होऊन उरतो. थोडा धुरासोबत जातो, बाकीचा नळीत चिकटतो आणि हवेतली ओल ओढतो. ठाणे जिल्ह्याच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. रॉकेलने किंवा तेलाने हे क्षार विरघळत नाहीत, गरम पाणीच लागतं. एक बार काढा की दहा काढा, धुणं तेवढंच. घोडबंदर रोडवर आमची सोसायटी टँकरवर चालते, तिथे मी रात्री शेतावरून येऊन गीझरच्या पाण्याने बंदूक धुतोय आणि बाथरूमभर सडक्या अंड्यांचा वास. बायकोने एकदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा नाही. आता शेतावरच चुलीवर पाणी तापवून धुतो, नळी धगीशी धरून सुकवतो, तेल लावतो आणि मगच निघतो.

विकणार का? काकांना दिलेले पैसे, वर दुरुस्ती, निप्पल आणि दोन मापांच्या टोप्या धरून कुणी देत असेल, तर ४५ दिवसांचं पत्र उद्याच देतो.