ईलिंगच्या जुन्या विनोदपटांचा डीव्हीडी संच : सात-आठ महिने वापरल्यानंतर

आधी तांत्रिक कटकट, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. डिस्क ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालावी म्हणून जगाचे 'रीजन' पाडलेले आहेत. ब्रिटनमधल्या डीव्हीडी रीजन 2 च्या असतात, आपल्याकडचे प्लेअर रीजन 5 चे. ब्ल्यू-रे मागवली तरी तेच : त्यांचा रीजन बी, आपला सी. त्यामुळे सगळे रीजन चालणारा प्लेअर नसेल तर संच मागवू नका. मी आधी प्लेअर घेतला, मग संच. टीव्हीच्या चित्राची पद्धत दोन्हीकडे एकच, 'पाल' (PAL), त्यामुळे तिथे काही अडत नाही. फक्त सेकंदाला 24 चौकटींचा चित्रपट 25 ने पळतो, म्हणजे तासाला अडीचेक मिनिटं वाचतात आणि आवाज किंचित चढा लागतो. कान तयार असेल तर खटकेल, मला आता जाणवतही नाही. एक डिस्क मध्येच अडकायची, विक्रेत्याने बदलून दिली, पण त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला.

चित्र चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात. रिमोटने ताणून पडदा भरू नका, सगळी मंडळी जाडी दिसतात.

आता मुद्द्याचं. ईलिंग हा लंडनच्या पश्चिमेचा भाग, तिथला स्टुडिओ मायकेल बाल्कन चालवायचे. एकट्या 1949 साली तिथून 'पासपोर्ट टू पिम्लिको', 'व्हिस्की गलोर' आणि 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' असे तीन चित्रपट आले. माझ्या संचात हे तिन्ही आहेत, शिवाय 1951 चे 'द लॅव्हेंडर हिल मॉब' आणि 'द मॅन इन द व्हाइट सूट', 1953 चा 'द टिटफील्ड थंडरबोल्ट' आणि 1955 चा 'द लेडीकिलर्स'. पहिल्या फेरीत मी सगळ्यांसारखाच अ‍ॅलेक गिनेस या नटाच्या मागे होतो. 'काइंड हार्ट्स'मध्ये तो एकाच खानदानातली आठ माणसं करतो, त्यात एक बाईसुद्धा. त्यातली सहा जणं एकाच दृश्यात शेजारीशेजारी दिसतात. छायालेखक डग्लस स्लोकम यांनी कॅमेरा तसूभरही न हलवता त्याच निगेटिव्हवर पुन्हापुन्हा चित्रण केलं होतं. हे सगळं थोरच आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गिनेसची करामत पाठ झालेली असते आणि नजर आपोआप कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे जाते. संचाचे पैसे तिथे वसूल होतात.

'काइंड हार्ट्स'मधला फाशी देणारा घ्या. माइल्स मॅलेसन : हनुवटी जवळजवळ नाहीच, बोलणं लाळघोटं, वागणं अतिनम्र. सरदार घराण्यातल्या माणसाला फाशी द्यायची संधी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळतेय, म्हणून तो आदल्या दिवशी हुद्द्याला साजेसं संबोधन घोकतो. उमरावाला रेशमी दोर लागतो, आणि एकदा रेशीम वापरल्यावर पुन्हा अंबाडीच्या दोराकडे वळायचं म्हणजे कमीपणा, तेव्हा यानंतर निवृत्तच झालेलं बरं, असं त्याचं मत. पडद्यावर काही मिनिटंच असतो, पण अख्ख्या ब्रिटिश वर्गव्यवस्थेचा पंचनामा करून जातो.

किंवा 'पासपोर्ट टू पिम्लिको'. न फुटलेला बॉम्ब फुटतो, खड्ड्यात जुनी सनद सापडते आणि लंडनचा एक मोहल्ला कायद्याने बर्गंडी या फ्रान्सकडच्या जुन्या संस्थानाचा ठरतो. तो तसा ठरवणाऱ्या प्राध्यापिका म्हणजे मार्गारेट रदरफोर्ड. हनुवटी थरथरवत त्या असा काही निवाडा देतात की सरकारसुद्धा गप्प. पुढे याच बाई पडद्यावर अगाथा ख्रिस्तीची गुप्तहेर मिस मार्पल झाल्या. शिवाय बॅझिल रॅडफर्ड आणि नॉन्टन वेन ही जोडगोळी, इथे सरकारी अधिकारी. 'हे आमच्या खात्याकडे येत नाही' या एका भावावर दोघं जी मजा आणतात, ती मंत्रालयात एकदा तरी चक्कर मारलेल्या माणसाला जास्त कळेल. हा चित्रपट आला तेव्हा ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच होतं, पूर्ण उठलं ते 1954 साली. कुपनं फाडून फेकणाऱ्या लोकांचा आनंद इतका खरा का वाटतो, ते त्यावरून समजतं.

याच चित्रपटातला दुकानदार स्टॅन्ली हॉलोवे पुढे 'माय फेअर लेडी'त नायिका एलायझाचा बाप झाला. पुलंची 'ती फुलराणी' ज्याच्यावर बेतलेली आहे, त्या 'पिग्मॅलियन'चंच ते संगीत रूप. त्यामुळे हा चेहरा मराठी माणसाला परका वाटू नये.

माझी स्वतःची आवडती मात्र ईडी मार्टिन. नाव ऐकलं नसेल, हरकत नाही. चणीने एवढीशी म्हातारी. 'लॅव्हेंडर हिल'मध्ये गिनेस राहतो त्या खासगी हॉटेलात ती, 'टिटफील्ड'मध्ये ती, 'लेडीकिलर्स'मध्येही ती. आणि 'व्हाइट सूट'मध्ये कपडे धुऊन पोट भरणारी. नायकाने न फाटणारं, न मळणारं कापड शोधलंय. गिरणीमालक बिथरलेत, कारण माल पुन्हा खपणार नाही. कामगार बिथरलेत, कारण काम जाईल. सगळे त्याच्या पाठीमागे धावतायत आणि ही बाई त्याला विचारते, धुवायलाच काही उरलं नाही तर माझ्या धुण्याचं काय? तिथे हसू थांबतं. ज्याच्या घरात गिरणगाव पाहिलेलं माणूस आहे त्याने हा चित्रपट त्यांच्यासोबत बघावा. मालकांचा म्होरक्या अर्नेस्ट थेसिजर, फरच्या कोटात गुंडाळलेलं हाडकुळं भूतच जणू. त्याचं धापा टाकत हसणं ऐकायला आवाज वाढवा.

'लेडीकिलर्स'मध्ये केटी जॉन्सन नावाच्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई पाच दरोडेखोरांना पुरून उरतात. चोरटे आपण वादक असल्याचं सोंग करतात, खोलीत बोकेरिनी या जुन्या संगीतकाराची रेकॉर्ड वाजत असते आणि आजी चहा घेऊन वर येत राहतात. यासाठी बाईंना बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. पुढे विनोदी नट म्हणून गाजलेला पीटर सेलर्सही आहे, पण तो इथे टोळीतला एक, एवढंच.

'टिटफील्ड' हा ईलिंगचा पहिला रंगीत विनोदपट. छोट्या रेल्वेफाट्याची गोष्ट गोड आहे, 1838 साली बांधलेलं खरंखुरं इंजिन त्यात धावतं, पण मला तो जरा गुळचट वाटला. 'व्हिस्की गलोर'ला स्कॉटिश उच्चारांमुळे इंग्रजी सबटायटल लावावीच लागतात. मात्र जहाज खडकावर अडकून व्हिस्कीच्या हजारो पेट्या त्यात समोर पडल्यात आणि रविवार असल्यामुळे सगळं बेट हात बांधून मध्यरात्रीची वाट बघतंय, तो भाग दोनदा बघा.

एक उणीव खरी. अ‍ॅलेस्टर सिम हा विनोदी नट या संचात नाही. 1950 चा 'द हॅपिएस्ट डेज ऑफ युवर लाइफ' हा त्याचा आणि रदरफोर्डचा सामना ईलिंगचा नाही, 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स'ही नाही, त्यात तर तो मुख्याध्यापिका आणि तिचा भाऊ असा दुहेरी भूमिकेत आहे. हे वेगळे मागवावे लागतील. मी मागवलेत, या वेळी डिस्कवरचा रीजन विक्रेत्याला आधी लेखी विचारून.