शहराच्या सांडपाण्यातून आधी काय मिळवावे: पाणी, वीज की खत?

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा विस्तार करू पाहणाऱ्या महापालिकेला पाणी, वीज आणि खत या तिन्हींसाठी एकदम निधी क्वचितच मिळतो, त्यामुळे क्रम ठरवावा लागतो. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक शहरांनी पाण्यापासून सुरुवात करावी.

नागपूरचे उदाहरण पाहा. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी, पहिल्या टप्प्यात दररोज १३ कोटी लिटर, महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्रासाठी देण्याची व्यवस्था झाली. ज्या पेंच जलाशयावर शहराची तहान भागते, त्यावरचा औष्णिक विजेचा भार त्यामुळे हलका झाला. ही योजना शक्य झाली ती बारमाही, एकाच ठिकाणी आणि मोठ्या प्रमाणात पाणी उचलणारा ग्राहक होता म्हणून. असा ग्राहक दूर किंवा उंचावर असेल तर हिशेब बदलतो, कारण एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवण्यासाठी पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून सुमारे ०.४ युनिट वीज लागते. त्याला आरओचे पाणी हवे असेल, तर मागे उरणारे खारट पाणी कोठे सोडणार, हे निविदेपूर्वीच ठरले पाहिजे.

विजेच्या बाबतीत सुरतने २००३ मध्ये अंजना केंद्रात गाळाच्या बायोगॅसवर अर्धा मेगावॅट क्षमतेचा संच चालवून वाट दाखवली. मात्र तेथील अनुभव जसाच्या तसा उचलता येत नाही. आपल्याकडे अलीकडे उभारलेल्या अनेक एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणे आणि गाळ निवळवणे या पद्धतीच्या) केंद्रांत प्राथमिक निवळण टाकी नसते आणि गाळ दीर्घकाळ हवेत खेळवला जातो. ज्या सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन मिळायचा, त्याचा मोठा भाग वीज खर्चून आधीच नष्ट केलेला असतो. अशा केंद्राला मागाहून डायजेस्टर, म्हणजे गाळ हवाबंद कुजवून बायोगॅस काढणारी टाकी, जोडून फारसा गॅस हाती येत नाही. केंद्र मोठे असेल आणि आराखडा अजून कागदावर असेल, तरच हा पर्याय मनापासून विचारात घ्यावा.

खताचा क्रम शेवटी येतो. डायजेस्टरमधील गाळ पिळून निघालेल्या पाण्यात मॅग्नेशियम मिसळून स्ट्रुवाइट हे फॉस्फरसयुक्त खत मिळते, म्हणजे डायजेस्टरशिवाय या वाटेचा उपयोग नाही. जर्मनीत मोठ्या केंद्रांच्या गाळातून फॉस्फरस काढणे २०२९ पासून बंधनकारक होत आहे. आपल्या शहरांनी तूर्त त्यासाठी आवारात जागा राखून ठेवली तरी पुरे.