घरी येणारी पॅलिएटिव्ह केअर टीम, पुणे : 4 स्टार, एक का कापला तेही सांगते

सासऱ्यांसाठी (नाना, फुफ्फुसाचा कॅन्सर, हाडांत पसरलेला) ह्यांची होम व्हिजिटची सर्व्हिस घेतली होती. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात पेशंटचं दुखणं, त्रास कमी करणारी काळजी. नर्सेस चांगल्या आहेत, ड्रेसिंग वगैरे नीट करतात, त्यावर फार लिहीत नाही. मुख्य म्हणजे ह्यांच्या डॉक्टर पेशंटशी बोलतात. हो, पेशंटशी. आधीच्या हॉस्पिटलमध्ये सगळं बोलणं बाहेर पॅसेजमध्ये, ते पण फक्त माझ्या नवऱ्याशी, नाना आत छताकडे बघत पडलेले.

पहिल्याच व्हिजिटला नाना म्हणाले, मॅडम एक इंजेक्शन द्या आणि सोडवा मला. नवरा लगेच "असं काय बोलता नाना" करत पुढे झाला. मॅडमनी त्याला हातानेच थांबवलं, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि विचारलं, नाना, सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतोय? तर निघालं असं की रात्रीचं दुखणं आहेच, पण खरी धास्ती नळ्यांची, सोसायटीतले एक काका व्हेंटिलेटरवर गेले ते परत आलेच नाहीत, ते ह्यांच्या डोक्यात बसलेलं. मग मॅडमनी सरळ सांगितलं, इंजेक्शन देऊन संपवणं आपल्या कायद्यात बसत नाही आणि मी ते करणारही नाही, पण व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको हे ठरवायचा हक्क तुमचा, आणि दुखणं कमी करणं माझं काम. नानांनी इच्छामरणावरचे सुप्रीम कोर्टाचे निकाल, म्हणजे अरुणा शानबाग (वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली मुंबईची नर्स) केसचा 2011 चा, मग लिव्हिंग विलला मान्यता देणारा 2018 चा, सगळं पेपरात वाचलेलं, त्यामुळे दोघांची चर्चा अशी रंगली की चहा दोनदा गरम केला.

मॉर्फिन चालू केल्यावर जाऊबाई घाबरल्या, म्हणजे आता संपलंच का. नर्सने शांतपणे समजावलं की हे दुखण्याचं औषध आहे, दर चार तासांनी वेळेवर द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध न चुकता, कारण बद्धकोष्ठता होतेच.

लिव्हिंग विलचं (पुढे आपल्याला बोलता आलं नाही तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद) पण ह्यांनीच सांगितलं. आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, 2023 च्या बदलानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढ्यावर होतं. पण कागद दाखवला की लगेच मशीन बंद असं नाही हं, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांची दोन बोर्डं बघतात, प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं.

मोठे दीर कॅलिफोर्नियात. तिकडे 2016 पासून कायदाच आहे, सहा महिन्यांच्या आत जाणार असा पेशंट डॉक्टरकडून औषध लिहून घेऊन स्वतःच्या हाताने घेऊ शकतो, हे आम्हाला ऐकवणारे पण तेच आणि व्हिडिओ कॉलवर "पैशाची काळजी करू नका, व्हेंटिलेटर लावायची वेळ आली तर लावा" म्हणणारे पण तेच! लांब असलेल्या मुलाचं असंच होत असावं. मॅडमनी फोन नानांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुम्हीच सांगा त्यांना. नानांनी सांगितलं. दीर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले ठीक आहे, तिकीट बघतो.

आता तक्रारी. फॉर्म सगळे इंग्रजीत, पुण्यात सर्व्हिस देताय तर मराठीत छापा ना, नानांना एकेक ओळ मी समजावून सांगत बसले. रविवारी डॉक्टर फोनवर मिळत नाहीत, फक्त नर्स मिळते, आणि एका रविवारी रात्री डोस वाढवायचा की नाही ह्यासाठी सकाळपर्यंत ताटकळलो, स्टार त्याचाच कापलाय. आमच्या मेडिक्लेमने ह्यातला एक रुपया दिला नाही, तो दोष ह्यांचा नाही पण आधी विचारून ठेवा.

आणि मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल असं धरून चालू नका, आम्हाला नाही मिळालं, ह्यांच्याकडूनच आणावं लागलं, त्यामुळे गोळ्या संपायच्या दोन दिवस आधीच फोन करा.