व्हिडिओ खरा होता, कार्यक्रम खोटा

व्हिडिओ खरा होता. हे आधीच सांगते, कारण आमच्याकडे अजून निम्मे लोक ‘एआयने बनवलेला व्हिडिओ होता, म्हणून फसलो’ असं म्हणत फिरतायत, आणि तसं समजून चालणारे पुढच्या वेळी पुन्हा फसतील. झालं असं, की मे महिन्यात मालवणात मालिकांतल्या कलाकारांना भेटायचा मेळावा आहे असं पोस्टर लागलं, पास विकले गेले, आणि कलाकार कुणी आलेच नाहीत. मालिकेत आईची भूमिका करणाऱ्या त्या बाई स्वतःच्या घरात बसून, स्वतःच्या आवाजात म्हणाल्या होत्या, ‘नमस्कार मालवणकरांनो, मे महिन्यात भेटूया, माझ्यासाठी मासे तयार ठेवा!’ त्यात एआयने बनवलेलं काही नव्हतं. फक्त आपला हा व्हिडिओ तिकिटं विकायला वापरला जाणार आहे, हे त्या बाईंना माहीत नव्हतं.

हे कसं जमतं ते नंतर कळलं. पैसे भरले की कलाकार तुमच्या नावाने शुभेच्छांचा व्हिडिओ करून देतात, अशी ॲप्स आहेत. वाढदिवस, लग्न, बारसं, काहीही. काही हजारांत काम होतं. काय बोलायचं तेही तुम्हीच लिहून द्यायचं. धंद्याच्या जाहिरातीसाठी हवा असेल तर दर वेगळा आणि करार वेगळा, म्हणून आयोजकाने ‘मालवणात आमच्या कुटुंबाचं स्नेहसंमेलन आहे, तिथे दाखवायचा आहे’ असं कळवून तो करून घेतला होता. माझ्या भाचीने नंतर त्या बाईंचं काम पाहणाऱ्या माणसाला इन्स्टाग्रामवर गाठलं, तेव्हा हे बाहेर आलं. बाईंना मे महिन्यात मालवणला यायचंच नव्हतं. पोस्टरवर बाकी ज्या कलाकारांचे फोटो होते, त्यांच्याशी तर कुणी बोललंही नव्हतं.

आता मुळात आम्ही विश्वास का ठेवला, हा प्रश्न मुंबईकर नातेवाईक फार मोठ्या आवाजात विचारतात. कलाकार इथे येतच नाहीत असं थोडंच आहे? 2016 साली सावंतवाडीजवळ आकेरीच्या वाड्यात एका मालिकेचं शूटिंग सुरू झालं, तेव्हा लोक गाड्या करून वाडा बघायला जात होते. तारकर्लीला, देवबागला शूटिंगच्या गाड्या दिसतात. चिपीला विमानतळ 2021 मध्ये सुरू झाल्यापासून तर ‘अमुक हिरोईन बाजारात मासे घेताना दिसली’ ही बातमी आम्हाला नवी राहिलेली नाही. आणि नट जवळून बघायची सवय आमच्या हाडात आहे. जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळी देवळाच्या बाजूला पेटारा उघडून स्वतःच तोंड रंगवायला बसतात, तेव्हा पोरं चारी बाजूंनी कोंडाळं करून बघत असतात. रात्री शंकासुर झालेल्या नटाला सकाळी चहा पाजलेली माणसं आहोत आम्ही. त्याला कुणी कधी तिकीट लावलं नाही, एवढंच.

तिकीट लावायची पद्धत शहरातून आली. माझा पुतण्या मुंबईत कॉमिक कॉनला जाऊन आलेला. अमेरिकेत सॅन दिएगोला 1970 पासून असले चाहत्यांचे मेळावे भरतात, भारतात 2011 पासून. त्याने सांगितलं, की असल्या मेळाव्यांत आत जायचे पैसे वेगळे आणि कलाकाराबरोबर फोटो काढायचे वेगळे असतात, सहीसुद्धा काही ठिकाणी विकत मिळते, आणि फोटोची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. म्हणजे आमच्या पोस्टरवर जे दर होते, ते त्यालाही नेहमीचेच वाटले. प्रवेश 300 रुपये, फोटोसह 1,200, कलाकारांबरोबर मालवणी जेवण 3,500. एका बाजूला स्थानिक पदार्थांचे स्टॉल. जागा किनाऱ्याजवळचं मोकळं मैदान, मे महिन्याचा पहिला आठवडा, म्हणजे चाकरमानी गावात, पोरांना सुट्टी आणि आंब्याचे पैसे हातात आलेले. आयोजकाने मोसम अचूक पकडला होता, हे मान्य करायला हवं.

आयोजक बोलायला अगदी गोड. आजोळ देवगडला असं सांगायचा. आमच्याकडे एवढ्याने अर्धं काम होतं. कुणाचा कोण हे एकदा जुळलं की पुढचे प्रश्न विचारणं लोकांना उद्धटपणाचं वाटतं. देवगडात कुठे, कुठल्या वाडीत, हे माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. त्यावर तो हसून म्हणाला, ‘आजी, लहानपणी यायचो, आता घर बंद असतं.’ बंद घरं तर इथे वाडीवाडीत आहेत. सासूबाई गप्प झाल्या.

पास मात्र त्याने स्वतः फार विकले नाहीत. प्रत्येक गावात एकेक पोरगा धरला. आमच्या वाडीतला जो होता, तो बारावी झालेला, गणपतीत आरत्या म्हणणारा, कुणाचंही सिलेंडर उचलून देणारा मुलगा. पासामागे 50 रुपये मिळतील असं त्याला सांगितलेलं. लोकांनी पास आयोजकाकडून घेतलेच नाहीत, या मुलाकडून घेतले. बऱ्याच जणांनी रोख दिले आणि पावतीसुद्धा मागितली नाही. ‘अगो, ती टीव्हीत दिसता तशीच आसा काय, ता बघूक व्हया माका,’ म्हणत शेजारच्या काकींनी अळूवडीच्या डब्यातून नोटा काढून त्याच्या हातावर ठेवल्या.

आमचा बचत गट यात अडकला तो स्टॉलमुळे. भाडं 4,000, वर 2,000 अनामत, ‘कार्यक्रमानंतर लगेच परत’. आम्ही आंबोळ्या, घावणे, सोलकढी, खाजं आणि कोकम आगळ ठेवायचं ठरवलं होतं. पैसे क्यूआर कोडवर पाठवताना स्क्रीनवर जे नाव आलं, ते आयोजकाचं नव्हतं, त्याच्या म्हणण्यातल्या कंपनीचंही नव्हतं. आमच्या खजिनदार बाईंनी तिथेच विचारलं. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्याला लिमिट लागलंय,’ असं उत्तर आलं. ते खातं खरं तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलाचं निघालं. त्याने थोड्या पैशांसाठी आपलं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरायला दिलं होतं. आता पोलिसांच्या कागदांत पहिलं नाव त्याचं आहे, पैसे मात्र त्याच्याकडे नाहीत. घरातल्या तरुण पोरांना हे जरूर सांगा: खातं भाड्याने द्या म्हणणारे लोक सध्या बरेच फिरतायत.

पासावर जीएसटी नंबरही छापलेला होता. हा नंबर जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही, लॉगिन न करता तपासता येतो. पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पासावरचा नंबर 27 नेच सुरू होत होता आणि तपासला तर चालूही होता. फक्त तो एका टाइल्स विकणाऱ्या व्यापाऱ्याचा होता. म्हणजे नंबर ‘खरा आहे का’ एवढं बघून उपयोग नाही, समोर येणारं नाव कुणाचं आहे तेही बघायला हवं. पासाच्या मागे बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘अपरिहार्य कारणास्तव कलाकार बदलण्याचा अधिकार आयोजकांकडे राखीव. पासाचे पैसे परत मिळणार नाहीत.’ अशी ओळ चांगल्या कार्यक्रमांच्या तिकिटावरही असते, त्यामुळे ती वाचून कुणी दचकलं नाही.

त्या दिवशी आम्ही पहाटे उठून आंबोळीचं पीठ घेऊन मैदानावर गेलो. मंडपाचे खांब उभे, कापड अर्धंच. मंडपवाला कोपऱ्यात बसून फोन लावत होता, त्याला फक्त बयाणा मिळालेला. साउंडवाल्याने आणलेले बॉक्स गाडीतून उतरवलेच नाहीत. दुपारपर्यंत माणसं येत राहिली. कणकवलीहून, वेंगुर्ल्याहून, सहाआसनी भरभरून. एक आजोबा नातीला घेऊन शिरोड्याहून आले होते, नातीच्या हातात त्या मालिकेतल्या बाईंचं स्वतः काढलेलं चित्र. आयोजकाचा फोन चालू होता, हे विशेष. तो दर तासाला ग्रुपवर मेसेज टाकत होता. कलाकार निघाले, कलाकार विमानतळावर पोचले, चिपीचं विमान लेट झालं. चिपीच्या विमानाची अडचण इथे कुणालाही लगेच पटते. शेवटी एका चाकरमान्याने चिपीला ओळखीच्या माणसाला फोन लावला, तर त्या वेळेला मुंबईहून विमानच नव्हतं. त्यानंतर ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय झाली, आणि संध्याकाळी फोन बंद.

लोकांचा राग कुणावर निघाला? वाडीतल्या त्या मुलावर. रात्री त्याच्या अंगणात माणसं जमली. त्याची आई दारात उभी राहून ‘माज्या झिलान एक पैसो खाल्ल्यान नाय’ असं सांगत होती, आणि ते खरंच होतं, त्याला त्याचे 50 रुपयेसुद्धा मिळाले नव्हते. तरी दोन घरांनी अजून त्याच्याशी बोलणं टाकलंय. आयोजकाने नेमकी हीच सोय करून ठेवली होती. पैसे वर गेले, आणि शिव्या खायला खाली गावातलाच माणूस राहिला. माझ्या मते पैशांपेक्षा हे नुकसान मोठं आहे, पण त्याची तक्रार कुठल्या कागदावर लिहायची?

दुसरी फसवणूक आठवड्याभरात आली. फसलेल्यांच्याच नंबरांवर मेसेज: ‘रद्द कार्यक्रमाचे पैसे परत देत आहोत, खालील क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ आमच्या शेजारच्या काकींचा मुलगा घरात होता म्हणून वाचल्या. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, असा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. पण ज्याचे 3,500 अडकलेत त्याला ‘परत’ हा शब्द दिसला की हात आपोआप चालतो, आणि नंबरांची यादी अर्थातच आयोजकाकडेच होती. मावळतीच्या वाडीतल्या एकाचे असे आणखी पैसे गेले.

तक्रारीचं म्हणाल तर ज्यांनी त्याच रात्री 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला, त्यांच्यातल्या काहींची रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली. तिथे व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक, वेळ आणि रक्कम लगेच विचारतात, म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट पुसू नका. नंतर cybercrime चं सरकारी पोर्टल आहे, तिथे लेखी तक्रार नोंदवायची. जे ‘बघू, परत येईल, आजोळ देवगडचं आहे’ म्हणत थांबले, त्यांचे पैसे तोवर एका खात्यातून दुसऱ्यात होत निघून गेले. रोख देणाऱ्यांकडे पासाखेरीज काहीच पुरावा नाही, तरी त्यांनीही अर्ज दिलाय. फसवणुकीचं पूर्वीचं कलम 420 आता भारतीय न्याय संहितेत कलम 318 झालं आहे, 1 जुलै 2024 पासून. अर्जात आम्ही तेच लिहिलं.

एक गोष्ट आधी केली असती तर पोस्टर लागल्या आठवड्यातच भांडं फुटलं असतं, आणि ती फार सोपी होती. लाउडस्पीकर लावायला पोलिसांची परवानगी लागते. आमच्या देवळाची समितीसुद्धा जत्रेच्या दशावतारासाठी दरवर्षी अर्ज देते. एवढ्या मोठ्या मेळाव्याचा अर्ज कुठेच दिलेला नव्हता, मैदानाच्या मालकाशीही फक्त तोंडी बोलणं झालेलं. नाटक मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात असलं तर तारीख तिथल्या कार्यालयात विचारता येते. मैदानावरच्या कार्यक्रमासाठी पोलीस ठाणं आणि जागेचा मालक, ही दोन दारं आहेत. आणि कलाकाराला स्वतःच्या सोशल मीडियाच्या खात्यावर त्या कार्यक्रमाची पोस्ट टाकायला काय हरकत असते? तिथे काही नसेल आणि व्हिडिओ फक्त आयोजकाकडूनच फिरत असेल, तर तो कितीही खरा असला तरी पैसे देऊ नका.

हे आज लिहायला बसले कारण चतुर्थीच्या सुट्टीसाठी तसंच पोस्टर रत्नागिरीकडे फिरतंय. कलाकार वेगळे, फोन नंबर वेगळा, स्टॉलचं भाडं 5,000 केलंय. पासामागची ओळ शब्दाला शब्द तीच आहे. राजापूर, लांजा, पावस या बाजूच्या कुणी पास किंवा स्टॉल घेतला असेल तर पावती आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि कार्यक्रमाच्या दिवसाची वाट न बघता आजच 1930 ला फोन लावा. पास विकणारा मुलगा तुमच्याच वाडीतला असणार. त्याला आधी हे वाचून दाखवा.